इ-सायकल रोज चालवणारे आणि टूरला नेणारे, इकडे या

पायवाट:
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षीपासून ऑफिसला इ-सायकलने जाते, जाऊन येऊन २६ किमी होतात, मधे एक बऱ्यापैकी मोठा चढ आहे. आधी साध्या सायकलवर त्या चढाच्या धास्तीनेच आठवड्यातून दोनदा टांग द्यायचे, आता देत नाही. मागच्या चाकात हब मोटर, २५० वॅट, बॅटरी ३६ व्होल्ट १४ अँपिअर-तास. कंपनीच्या कागदावर रेंज लिहिलीय "८० ते ११० किमी". ऑफिसच्या रस्त्यावर मला एवढी कधीच मिळालेली नाही, अर्थात चढावर मी असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, फुल्ल ठेवते.

आता आमचा ग्रुप तीन दिवसांची टूर ठरवतोय. बाकी सगळे साध्या सायकलींवर, इ-सायकलवाली मी एकटीच. तीन गोष्टी विचारायच्यात:
दिवसाला किती अंतर आणि किती चढ जमेल याचा अंदाज आधी कसा बांधायचा?
सामान लादलेली जड इ-सायकल घाटातून उतरवताना काय सांभाळायचं?
आणि मुक्कामाच्या ठिकाणी, अनोळखी खोलीत, चार्जिंग सुरक्षित कसं करायचं? घरात सासूबाईंना रात्री चार्जिंग लावलेलं अजिबात आवडत नाही आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

माझं मत आधीच सांगून टाकते, इ-सायकल विकणाऱ्यांनी किलोमीटर छापणं बंद करावं. कोणाचं वजन, कुठला रस्ता, कुठला असिस्ट, काहीच न सांगता नुसता आकडा लिहायचा याला काय अर्थ आहे.

डोंगरकपार:
चांगला धागा. किलोमीटर विसरा आणि वॉट-अवर धरा, व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. तुमची ३६ × १४ म्हणजे ५०४, तुमची टाकी एवढी. तळाचे १०-१५ टक्के शिल्लक ठेवायचे, म्हणजे हातात साधारण ४३०-४५० राहतात.

आता खर्च. सपाटीवर, वारा नसताना, कमी असिस्ट आणि पाय मन लावून चालत असतील तर किलोमीटरला ५ वॉट-अवरच्या आसपास. मधल्या असिस्टला ८-१०. पाय नुसते फिरवत फुल्ल असिस्टवर गेलात किंवा थ्रॉटल पिळत राहिलात तर १५ किंवा त्याच्याही वर. त्यामुळे कंपनीचा आकडा खोटाच असतो असं मी म्हणणार नाही, सपाट रस्ता, हलका माणूस, सगळ्यात खालचा असिस्ट धरला तर ११० निघतीलही. फक्त तसा दिवस आपल्या वाट्याला क्वचित येतो.

दोन-तीन आठवडे रोज निघताना आणि पोचल्यावर व्होल्टेज लिहून ठेवा. डिस्प्लेवरच्या चार काड्यांवर विश्वास नको, चढावर मोटर ओढत असते तेव्हा व्होल्टेज दबतं आणि काड्या पटकन पडतात, थांबलं की परत वर येतात. आकडा घ्यायचा तो दोन मिनिटं थांबून.

एकला_चालो:
वाचतोय. मलाही हीच माहिती हवी होती.

लोखंडी_घोडा:
विरोधी सूर लावतो, राग मानू नका. टूरला जायचंय तर साधी सायकल घ्या, पाय तयार करा. मोटरच लागणार असेल तर सरळ मोटरसायकल घ्यावी. चार्जर वागवा, प्लग शोधा, काड्या मोजत बसा, सायकलिंगमधला मोकळेपणाच गेला की यात.

पायवाट:
लोखंडी_घोडा, मोटरसायकलवर पाय हलवावे लागत नाहीत, मला हलवायचेत. ऑफिसला पोचते तेव्हा धाप लागलेली असते, फक्त दिवसभर काम करण्याइतका जीव शिल्लक असतो. साध्या सायकलवर मी या ग्रुपबरोबर गेले तर प्रत्येक चढावर सगळ्यांना माझी अर्धा अर्धा तास वाट बघावी लागेल आणि पुढच्या वेळी मीच नाही म्हणेन.

आजोबा_दुचाकीवर:
माझं वय ६८. दोन्ही गुडघ्यांची झीज. सायकल सुटली होती, इ-सायकलमुळे परत सुरू झाली. लोखंडी_घोडा, तुमचे पाय असेच दणकट राहोत, पण कधी गुडघे बोलायला लागले तर हा धागा परत उघडा.

१९९३ साली यामाहाने जपानात पास नावाची सायकल आणली ती याच कल्पनेवर की पायाचा जोर सेन्सरने मोजायचा आणि मोटरने त्यात भर घालायची. पायडल नाही मारलं तर मोटरही नाही. सायकलच ती, नुसता पाठीला हात लावणारी.

एक सूचना सगळ्यांसाठी, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींसाठी. सिग्नलला उभं असताना एक पाय पायडलवर टेकवून ठेवायची जुनी सवय असते. असिस्ट चालू असेल तर नुसत्या पायाच्या वजनानेही काही सायकली झेप घेतात. थांबलं की ब्रेक दाबून ठेवायचा नाहीतर असिस्ट शून्यावर आणायचा. चढता-उतरतानाही तेच. माझ्या ओळखीतले दोन जण पडले ते चालत्या सायकलवरून नव्हे, उभ्या सायकलवरून.

चेनस्प्रॉकेट:
आजोबा, एकदम महत्त्वाचं सांगितलंत. कारण दोन प्रकारचे सेन्सर असतात. टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजतो, त्यामुळे जेवढा जोर तेवढी मदत, चालवायला छान वाटतं पण उभं असताना पाय ठेवला तरी त्याला जोर कळतो. कॅडन्स सेन्सरला फक्त पायडल फिरतंय की नाही एवढंच कळतं, तो अर्धा फेरा उशिरा जागा होतो आणि उशिरा झोपतो. गर्दीत वळताना तुम्ही पायडल थांबवलं तरी मोटर क्षणभर ढकलत राहते. म्हणून ब्रेक लिव्हरमधे कट-ऑफ स्विच असतो, लिव्हर जरा दाबली की मोटर बंद. तो चालू आहे का हे दर आठवड्याला बघा. मागचं चाक उचलून हाताने पायडल फिरवा, मोटर लागली की लिव्हर हलकी दाबा. सगळ्यांनी आजच करून बघा.

हब (मोटर चाकात) आणि मिड ड्राइव्ह (मोटर पायडलपाशी) यातला फरकही टूरला कळतो. मिड ड्राइव्हची मोटर चेनमधून ओढते, त्यामुळे गियर खाली टाकला की चढावर तिला सोपं जातं, पण चेन आणि कॅसेट (मागची दातेरी चाकं) लवकर झिजतात आणि जोर लावलेला असताना गियर बदलला तर दात मोडू शकतात, गियर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडायचा. हब मोटरला सायकलच्या गियरशी देणंघेणं नाही. चाक हळू फिरतंय म्हणजे मोटरही हळू फिरतेय, आणि हळू फिरणारी मोटर वीज खाते जास्त, काम करते कमी, उरलेलं सगळं उष्णतेत जातं. म्हणून हब मोटरवाल्यांनी चढावर सायकल अगदी रांगू द्यायची नाही, आपला गियर हलका ठेवून पाय भराभर फिरवायचे आणि वेग धरून ठेवायचा.

मीठभाकरी:
हे बाहेर जाऊन करून आलो. कट-ऑफ एका बाजूचा चालतोय, दुसऱ्या बाजूचा नाही. धन्यवाद चेनस्प्रॉकेट!

चेनस्प्रॉकेट:
मीठभाकरी, लिव्हरपासून निघणाऱ्या वायरचा जोड उघडून बघा, बऱ्याचदा पाणी गेलेलं असतं किंवा पिन वाकलेली असते. आत खूण असते, बाणासमोर बाण आणून सरळ दाबायचा, पिळायचा नाही.

रातवा:
ब्रेकचं मी बोलते कारण घाटाच्या रस्त्याजवळच राहते आणि उतरणारे रोज बघते. १०० किलोचा भार, म्हणजे माणूस, सायकल, सामान सगळं मिळून, ३०० मीटर खाली आणायचा म्हणजे जवळजवळ ८० वॉट-अवर उष्णता कुठेतरी जायला हवी. काही हवेत जाते, बाकी ब्रेकमधे. सतत हलका ब्रेक दाबून उतरलात तर रोटरला, म्हणजे ब्रेकच्या चकतीला, थंड व्हायला वेळच मिळत नाही, पॅड चकाकतात, लिव्हर मऊ लागायला लागते. उलट करायचं. वेग थोडा वाढू द्या, मग दोन्ही ब्रेक नीट जोरात दाबून वेग एकदम उतरवा, सोडा, परत वाढू द्या. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबत बसायचं नाही. लांब घाट असेल तर मधे थांबा. आणि थांबल्यावर रोटरला बोट लावून बघू नका, भाजतं!

पॅड टूरच्या आदल्या रात्री बदलू नका. नवीन पॅड बसायला वेळ लागतो, मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा मध्यम वेगावरून जवळजवळ थांबेपर्यंत दाबले की धरायला लागतात.

पायवाट, तुमचे ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचे) की वायरचे?

पायवाट:
वायरचे डिस्क.

रातवा:
मग वायर आणि पॅड दोन्ही आत्ताच तपासा. वायरच्या डिस्कला पॅड झिजेल तसं अंतर हाताने जुळवावं लागतं, हायड्रॉलिकसारखं आपोआप होत नाही. तीन दिवसांच्या टूरमधे रोज सकाळी लिव्हर दाबून बघायची, हँडलला टेकत असेल तर ॲडजस्ट केल्याशिवाय निघायचं नाही.

भर_दुपार:
उतारावर ब्रेक लावला की बॅटरी चार्ज होते ना? मित्र सांगत होता की उतरताना सगळी वीज परत मिळते.

डोंगरकपार:
भर_दुपार, बहुतेक इ-सायकलींमधे नाही होत. गियरवाली हब मोटर असेल तर आत फ्रीव्हील असतं, उतारावर मोटर फिरतच नाही. मिड ड्राइव्हमधेही तेच, चाक पुढे जातं आणि मोटर सुटी. मोठी जड डायरेक्ट ड्राइव्ह (आत गियर नसलेली) हब मोटर आणि तसा कंट्रोलर असेल तरच परत मिळते, आणि तीही थोडी, कारण चढताना खर्चलेल्यातलं बरंच हवेला आणि टायरला देऊन झालेलं असतं. मात्र त्या मोटरचा ब्रेक पॅडचं काम हलकं करतो हा खरा फायदा.

ऋणभार:
चार्जिंगच्या प्रश्नावर कोणीच लिहिलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो, हा माझा विषय आहे.

पायवाट, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. लिथियम-आयन बॅटरी चांगल्या बनावटीची असेल, तिचाच चार्जर असेल आणि ती कधी आपटली-भिजली नसेल तर धोका कमी असतो, पण जे होतं ते फार वेगाने होतं. एक सेल आतून शॉर्ट झाला की तो तापतो, शेजारच्याला तापवतो आणि साखळी सुरू होते, तिला बाहेरून हवेचीही फारशी गरज नसते. धूर विषारी असतो. म्हणून पहिला नियम जागेचा. दाराच्या वाटेत, जिन्याखाली, पलंगाशेजारी चार्जिंग करायचं नाही. आग लागली तर तुमची बाहेर पडायची वाट अडता कामा नये. फरशी किंवा सिमेंटवर, आजूबाजूला पडदे-गादी-कागद काही नको, आणि घरात कोणी जागं असताना. रात्री झोपताना लावून सकाळी काढणं ही सवय सोडून द्या. संध्याकाळी आल्या आल्या लगेच लावू नका, अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या, मग लावा, झोपायच्या आधी काढा.

दुसरा नियम चार्जरचा. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही. ३६ व्होल्टच्या बॅटरीत साधारणपणे दहा सेल ओळीने असतात, प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरल्यावर ४२. ४८ व्होल्टवाल्यात तेरा, म्हणजे ५४.६. ४८ चा चार्जर ३६ च्या बॅटरीला लागला तर मधे फक्त बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) उभा असतो, आणि तो शेवटचा पहारेकरी आहे, त्याच्या भरवशावर रोज राहायचं नाही. टूरमधे दोन-चार इ-सायकली एकत्र असतील तर प्रत्येक चार्जरवर मोठ्या अक्षरात नाव लिहा.

बॅटरी फुगली, तडा गेला, गोडसर रसायनासारखा वास आला, चार्ज न करताच गरम लागली किंवा काल ठीक होती आणि आज अचानक निम्मी भरतेय, तर चार्ज करायची नाही. उघड्यावर, भिंतीपासून आणि वाहनांपासून लांब ठेवायची आणि दुरुस्तीवाल्याला किंवा विकणाऱ्याला दाखवायची. कचऱ्यात टाकायची नाही. धूर यायला लागला तर शूर व्हायचं नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं, दार ओढून घ्यायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.

थंडीतलं एक. शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नका, सेलच्या आत लिथियमचा धातू साचतो आणि ते नुकसान कायमचं असतं. चालवायला हरकत नाही, रेंज कमी मिळेल एवढंच. डोंगरात पहाटे गारठलेली बॅटरी आधी खोलीत आणायची, ऊब येऊ द्यायची, मग चार्जर. उन्हातही तसंच, तापलेल्या सायकलवर लगेच चार्जर लावू नका.

एकला_चालो:
ऋणभार, हा प्रतिसाद छापून जिन्यात लावतोय. आमच्या इमारतीत जिन्याखालीच तीन जण चार्जिंग लावतात.

कुंपण:
दोन महिने सायकल बंद राहणार असेल तर बॅटरी फुल्ल करून ठेवायची ना?

ऋणभार:
नाही. साधारण निम्मी, ४० ते ६० टक्के, गार आणि कोरड्या जागी. महिन्याभराने एकदा बघायची. पूर्ण भरलेली ठेवली तर लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवली तर बीएमएस हळूहळू पीत राहतो आणि एक दिवस ती उठतच नाही. रोजच्या वापरात ८०-९० टक्क्यांवर थांबलात तर आयुष्य वाढतं, पण अधूनमधून पूर्ण भरा म्हणजे सेल आपसात समतोल होतात.

वेगवान:
तुम्ही सगळे फार घाबरवताय राव. माझी मी अनलॉक करून घेतलीय, ३८-४० ला आरामात जाते. ताशी २५ किमीला मोटर सुटायचं बंधन म्हणजे मोटरचा अपमान आहे.

चेनस्प्रॉकेट:
वेगवान, फ्रेम, ब्रेक, टायर हे २५ च्या हिशोबाने निवडलेले असतात. वाहतुकीत अपघात झाला तर कागदावर ती सायकल राहत नाही, विनानोंदणी मोटार वाहन होतं, विमा आणि वॉरंटी दोन्ही हात वर करतात. नियम जागोजागी वेगळे आहेत. युरोपात साध्या इ-सायकलला २५० वॅट आणि २५ किमी, ४५ पर्यंत जाणाऱ्यांचा वेगळा वर्ग आणि त्यांना नंबर प्लेट. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तीन वर्ग, पहिल्या दोघांना ताशी २० मैल आणि तिसऱ्याला २८. पण हद्द नसलेली सायकल बहुतेक ठिकाणी सायकल धरत नाहीत.

रातवा:
आणि हिशोब करून बघा की वेगवान. ताशी २५ ला सेकंदाला सात मीटर जातो आपण. ४० ला अकरा. समोरचं मूल रस्त्यात आल्यावर मेंदूला एक सेकंद लागतो, तेवढ्यात तुम्ही अकरा मीटर पुढे गेलेले असता, ब्रेक अजून लागलेलाही नसतो. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, २५ च्या मानाने ४० ला अडीच पट. साध्या सायकल हेल्मेटची युरोपातली चाचणी होते ती ताशी साधारण २० किमीच्या धडकेला. नेदरलँड्समधे वेगवान इ-सायकलींसाठी एनटीए ८७७६ नावाचं वेगळं मानक काढलं ते याचसाठी. तुम्ही कुठलं घालता?

वेगवान:
साधंच घालतो. बरं, मुद्दा कळला. मोकळ्या रस्त्यावरच पळवतो पण.

आजोबा_दुचाकीवर:
बाळा, मोकळ्या रस्त्यावरच कुत्रं आडवं येतं.

निशिगंध:
रोजच्या रस्त्यावर मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते तर इतरांच्या अंदाजाची. समोरून वळणारा गाडीवाला बघतो, सायकल दिसते, त्याच्या डोक्यात सायकल म्हणजे ताशी १२-१५. तो वळतो. आपण २४ ने येत असतो. त्यामुळे चौकात मी पायडल थांबवून ब्रेकवर बोटं ठेवूनच शिरते, माझा हिरवा असला तरी. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून दार उघडेल एवढं अंतर सोडते, मागचा हॉर्न मारेना का. मुख्य बॅटरीवर चालणारा दिवा दिवसासुद्धा चालू ठेवते, तो वीज इतकी कमी खातो की रेंजला काही फरक पडत नाही. मागचा लाल मात्र वेगळ्या सेलवरचा एक जास्तीचा असावाच, कारण मुख्य बॅटरी संपली किंवा फ्यूज गेला की काही सायकलींचे दोन्ही दिवे एकदम जातात, तेही नेमके अंधारात.

पायी चालणाऱ्यांच्या मागून जाताना घंटी लांबूनच, आणि वेग त्यांच्या चालीच्या जवळ आणायचा. इ-सायकलचा आवाज येत नाही, दचकतात लोक. रस्ता आपल्या एकट्याचा नाही.

कुंपण:
निशिगंध +१. पावसात चालवता का?

निशिगंध:
हो, रोज. पाऊस चालतो, साचलेलं पाणी नाही. मोटरचा आस बुडेल एवढ्या पाण्यातून नेत नाही, उतरून चालत नेते नाहीतर रस्ता बदलते. धुताना प्रेशरचा पाइप कधीच नाही, बादली आणि फडकं. आयपीएक्स४ (पाणी किती सोसेल त्याचा दर्जा) लिहिलेलं असतं म्हणजे शिंतोडे चालतील, फवारा नव्हे. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसलंय ना बघायचं, आणि ओलं असताना चार्जर लावायचा नाही. पहिल्या पावसात रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं फार निसरडी होतात, मोटरचा जोर त्यावर लागला की मागचं चाक सटकतं. तिथे असिस्ट एक पायरी खाली.

मीठभाकरी:
पंक्चरचं काय करता? माझंही मागच्या चाकात हब आहे, वायर बघूनच हात लावायची हिंमत होत नाही.

चेनस्प्रॉकेट:
मीठभाकरी, चाक काढायलाच हवं असं नाही. सायकल आडवी टाका, टायरची एक कड सोडवा, खिळा-काच लागली ती जागा शोधा, तेवढीच ट्यूब बाहेर ओढून पॅच मारा. बहुतेक पंक्चर असे निघतात. ट्यूब बदलायचीच असेल तर वायरचा जोड आधी सोडवायचा, मग नट. बऱ्याच हबना १८ चा पाना लागतो, तुमचा घरीच मोजून बघा आणि तो पाना टूरच्या सामानात टाका, साध्या सायकलवाल्यांकडे तो नसतो. परत बसवताना वॉशरचा क्रम आणि दिशा तीच पाहिजे, एक वॉशर दात असलेला असतो, तो आस फिरू देत नाही. निघायच्या आधी फोटो काढून ठेवला की काम सोपं. वायर खालच्या बाजूने निघू द्या म्हणजे पाणी आत न जाता थेंब थेंब पडून जातं.

भर_दुपार:
अवांतर: विमानाने इ-सायकल नेता येते का? दूरच्या देशात टूर करायचं स्वप्न आहे.

ऋणभार:
सायकल नेता येईल, बॅटरी नाही. प्रवासी विमानात १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्या सहज चालतात, १०० ते १६० विमान कंपनीच्या परवानगीने. इ-सायकलची साधारणपणे याच्या बरीच वर असते. तिथे जाऊन भाड्याने घेणं हाच मार्ग.

पायवाट:
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! कट-ऑफ तपासला, दोन्ही चालतात. ब्रेकच्या वायरी बदलायला टाकल्या.

आता मूळ प्रश्नाकडे. दुसरा दिवस अवघड आहे. एकूण ७० किमी, चढ ९०० मीटर, तो सगळा शेवटच्या भागात १६ किमीच्या घाटात. त्याआधी ४० किमी जवळजवळ सपाट आणि १४ किमी उतार. मी ६०, सायकल २४, सामान १४ धरलंय. जमेल का?

डोंगरकपार:
चला, मांडूया. १०० किलो ९०० मीटर वर न्यायला २४५ वॉट-अवर. टायर आणि हवेसाठी १६ किमीला आणखी ४० धरा, झाले २८५. घाटात ताशी १० ने गेलात तर एक तास छत्तीस मिनिटं. तुमच्या पायांनी १०० वॅट दिले तर १६० तुमचे, १२५ मोटरचे. मोटर बॅटरीतल्या विजेपैकी पाऊण कामाला लावते धरलं तर बॅटरीतून १६५-१७०. सपाटीचे ४० किमी कमी असिस्टवर ५ प्रमाणे २००. एकूण ३७०. हातात ४३० आहेत. जमतंय.

चेनस्प्रॉकेट:
डोंगरकपार, दोन ठिकाणी मला हे पटत नाही. दिवसभर सायकल मारल्यावर दीड तास सलग १०० वॅट जड जातं, ८० धरा. म्हणजे मोटरवर १५७ येतात. आणि हब मोटर, चढ, ताशी १०, इथे पाऊण कामाला लागते असं धरता येणार नाही. मी ६० टक्के धरेन. १५७ भागिले ०.६ म्हणजे २६०. अधिक २००, झाले ४६०. हातातले ४३० घाटातच संपतात, वर पोचायच्या आधी.

डोंगरकपार:
हबचं विसरून मी मिड ड्राइव्हचा आकडा धरला. तुमचा हिशोब जास्त बरोबर आहे. मग घाटाच्या आधी कुठेतरी भरावंच लागेल.

लोखंडी_घोडा:
सामान कमी करा की. माझ्यासारख्याच्या कॅरिअरवर टाका चार किलो. (हो, एवढं वाचल्यावर मी ती गोष्ट करायला तयार आहे.)

रातवा:
लोखंडी_घोडा, वा! पण चार किलोने घाटात जेमतेम दहा-पंधरा वॉट-अवर वाचतील. त्यापेक्षा सपाटीवर वेग कमी ठेवलेला बरा, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ ऐवजी २० ने गेलं तर हवेवरचा खर्च दर किलोमीटरला एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. वारा समोरून असेल तर आणखीच फरक. ग्रुपमधे कोणाच्या तरी मागे, थोडं तिरकं राहून चालवा, पण चाकाला चाक लावू नका, तुमची सायकल जड आहे, थांबायला त्यांच्यापेक्षा अंतर लागेल.

ऋणभार:
जेवायला दोन तास थांबणार असाल तर प्रश्न मिटला. २ अँपिअरचा चार्जर तासाला साधारण ७५ वॉट-अवर टाकतो, दोन तासांत १५०. घाटाच्या पायथ्याशी मोठा थांबा ठेवा. ४ अँपिअरचा चार्जर तुमच्या बॅटरीला चालत असेल, म्हणजे बनवणाऱ्याने तसं लिहिलं असेल, तर वेळ निम्मा, नसेल लिहिलं तर नको. दुसरी बॅटरी उसनी घेतलीत तर एक संपल्यावर दुसरी लावायची, दोन्ही समांतर जोडायच्या नाहीत. व्होल्टेजमधे फरक असेल तर एकीतून दुसरीत प्रचंड प्रवाह धावतो.

जिथे थांबणार तिथे आदल्या दिवशीच फोन करून विचारा, प्लग मिळेल का आणि बॅटरी नजरेसमोर ठेवता येईल का.

आजोबा_दुचाकीवर:
ग्रुपबरोबरच्या चालण्याचंही आधी बोलून घ्या. सपाटीवर ते २७-२८ ला गेले तर तुमची मोटर २५ ला सुटते आणि वरच्या वेगात २४ किलोचं धूड नुसत्या पायांवर ओढावं लागतं, तिथे तुम्ही मागे पडाल. घाटात उलटं होईल, तुम्ही पुढे. पुढे गेलात तरी एकट्या अंधारात वर जाऊन थांबू नका, ठरलेल्या वळणांवर थांबा. उजेड असतानाच पोचायचं ठरवून त्यावरून निघायची वेळ मागे मोजा.

पायवाट:
ठरलं. सकाळी तासभर लवकर निघायचं, सपाटीवर २० च्या आत आणि सगळ्यात खालचा असिस्ट, पायथ्याशी दोन तास जेवण आणि चार्जिंग. तिथल्या खानावळीला फोन केला, ओट्याखाली प्लग आहे आणि टेबल समोरच आहे म्हणाले. घाटात दर चार किमीला थांबून व्होल्टेज बघायचं, ते लोखंडी_घोडा यांनी सामान घेतलं नाही तरी :)

रातवा, परतीचा उतार तिसऱ्या दिवशी सकाळी आहे. नवीन वायरी सुरुवातीला ताणतात म्हणे, मग पहिल्या दिवसाच्या मुक्कामाला परत ॲडजस्ट करू का?

रातवा:
पहिल्या मुक्कामाला करा, आणि तिसऱ्या दिवशी उतार सुरू व्हायच्या आधी परत एकदा. दोन मिनिटांचं काम आहे, ५ चा ॲलन की वरच्या खिशात ठेवा.